शेऱ्याचा रकाना

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी फ्रीझरच्या दाराला पाठ टेकवली आणि हात मागे नेऊन दांडा घट्ट धरला. त्या समोर असताना दार उघडायची कुणाची छाती नव्हती, तरीही धरला.

"बर्फ येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या.

"पण मॅडम, आत..."

"आत काय आहे ते मला माहीत आहे."

चिमणी गप्प झाली. ही शेवटच्या वर्षाची संशोधक विद्यार्थिनी. एकदा बोलायला लागली की बाकीच्यांनी तेवढ्यात आपापली कामं उरकून घ्यावीत, म्हणून हे नाव पडलेलं. आज तिच्या तोंडून एक वाक्य पुरं होत नव्हतं.

फ्रीझरच्या माथ्यावर लाल आकडे होते. उणे त्रेचाळीस. तिथे उणे ऐंशी असायला हवं होतं. प्रयोगशाळेत त्या कपाटाएवढ्या यंत्राला सगळे 'ऐंशी'च म्हणत. सोमवारी सकाळी सव्वाआठला सगळ्यांत आधी चिमणी आली होती, आणि तिला खालच्या जिन्यातच धोक्याची शिटी ऐकू आली होती. ती कधीपासून वाजत होती हे सांगायला रविवारी त्या मजल्यावर कुणी नव्हतं.

आत चारशे बारा मुलांचं रक्त होतं. मूल जन्मलं त्या दिवशी नाळेतून घेतलेलं, आणि मग दर वर्षी एकदा. बोटाच्या पेराएवढ्या नळ्या, खोक्यांत ओळीने लावलेल्या, प्रत्येकीवर एक आकडा. मुलं आता अकरा वर्षांची झाली होती. काही तर तपासणीला आली की बाईंच्या खांद्याला लागत. यंदाचं रक्त गेलं तर पुन्हा मागता आलं असतं. पहिल्या दिवसाचं कितीही हातापाया पडलं तरी कुणी पुन्हा देऊ शकणार नव्हतं.

उणे बेचाळीस.

उपप्रमुख कोपऱ्यात फोनवर बोलत होते. काटेकोर गृहस्थ. खिशात दोन पेनं, दोन्ही चालू असलेली. फोन ठेवून ते जवळ आले.

"मेकॅनिक निघालाय. सुका बर्फ दहापर्यंत येतोय. आणि संचालकांचा फोन होता."

"काय म्हणाले?"

"चार वाजेपर्यंत अहवाल हवाय. छापील नमुन्यात. घटना, कारण, जबाबदार व्यक्ती." ते जरा थांबले. "तिसऱ्या रकान्यात 'तांत्रिक बिघाड' लिहिलेलं चालणार नाही म्हणाले. माणूस हवा. लहान माणूस असेल तर आज संध्याकाळपासूनच घरी बसवणार."

खोलीतल्या सगळ्यांचे डोळे एकाच बाजूला गेले आणि तितक्याच घाईने परतले. दाराशी मामा उभे होते.

मामा इथले मदतनीस. सव्वीस वर्षं झाली. बाई पहिल्या दिवशी कामावर आल्या तेव्हा टेबलाच्या खणाची किल्ली त्यांना मामांनीच आणून दिली होती. काचेची भांडी धुवायची, यंत्रं पुसायची, आणि सकाळ-संध्याकाळ प्रत्येक यंत्रासमोर उभं राहून नोंदवहीतले पाच रकाने भरायचे: तारीख, वेळ, तापमान, शेरा, सही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ती नोंदवही आत्ता त्यांनी छातीशी धरली होती, गर्दीतून लहान मूल न्यावं तशी.

"मामा, वही द्या इकडे," उपप्रमुख म्हणाले.

मामांनी दिली. मग रिकाम्या हातांचं काय करावं हे न सुचून त्यांनी ते शर्टाला पुसले.

बर्फ पावणेअकराला आला. तोवर आकडा उणे सदतीसवर चढला होता आणि बाईंच्या पाठीला दाराच्या कडेचा वळ उठला होता. पांढऱ्या थर्माकोलच्या सहा पेट्या ओळीने मांडल्या, त्यांतून धूर जमिनीवर सांडायला लागला.

"दार उघडलं की मी वीस मोजणार," बाई म्हणाल्या. "वीसला बंद. मग पाच मिनिटं थांबायचं. पुन्हा वीस. मामा, आत हात तुम्ही घालायचा."

उपप्रमुखांच्या भुवया किंचित वर गेल्या. चिमणीच्या हातात कोणत्या फळीवर कोणतं खोकं याची चार पानी यादी होती; मामांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जाड निळे हातमोजे चढवले, मान वाकवली आणि बाईंचं 'एक' ऐकल्याबरोबर खोकी काढायला सुरुवात केली. वीस म्हणेपर्यंत सात खोकी बाहेर. दुसऱ्या वेळी नऊ. बाईंचा आवाज चौदानंतर चिरकायचा, मामांचा हात मात्र एकदाही चुकीच्या फळीवर गेला नाही. साडेबारा वाजले तेव्हा ऐंशी रिकामा झाला होता.

सगळ्यांत जुनी खोकी सगळ्यांत वरच्या दोन फळ्यांवर होती. गरम हवा वरच चढते, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण अकरा वर्षांपूर्वी पहिलं खोकं ठेवताना यंत्र कधी थांबेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. चिमणीने वरच्या एका खोक्यात तापमापीचं टोक घातलं.

"उणे एकोणीस," ती हळूच म्हणाली.

"तपासल्याशिवाय काही कळणार नाही," बाई म्हणाल्या आणि बेसिनकडे गेल्या. तोंडावर पाणी मारून त्या तशाच उभ्या राहिल्या. जन्मदिवसाच्या चारशे बारा नळ्या त्या वरच्या खोक्यांतच होत्या.

मेकॅनिकने तोपर्यंत खालची पत्र्याची झडप काढून आत टॉर्च मारला होता. आडव्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. बराच वेळ नुसताच हूं हूं करत होता.

"खालचा कॉम्प्रेसर जळालाय," तो शेवटी म्हणाला. "कारण त्याला वारा मिळत नव्हता. आतल्या पंख्याचं बेअरिंग खाल्लं गेलंय. हे काही एका दिवसात होत नाही. आधी कुरकुरतं, मग खरखरतं. तीन आठवडे तरी आवाज येत असणार. तुमच्या इथे कुणालाच ऐकू आला नाही?"

मेकॅनिक यंत्रामागे वाकला आणि तिथून त्याचा आवाज आला, "हा कुणाचा?"

त्याने बाहेर काढला तो एक टेबलफॅन होता. हिरव्या पात्यांचा, घरगुती, एक पाय मोडलेला आणि तिथे दोरा गुंडाळलेला. यंत्राच्या पाठीकडे, जिथे हात पोचणं मुश्कील अशा सांदीत तो बसवला होता, नेमका कॉम्प्रेसरवर वारा सोडेल असा.

"आणि जाळी बघा," मेकॅनिक म्हणाला. "एवढी स्वच्छ जाळी मी कुठे बघितली नाही. रोज कुणीतरी ब्रशने झाडतंय. हे केलं नसतं ना, तर पंधरा दिवसांपूर्वीच गेला असता हा. कोण करत होतं?"

"मी," मामा म्हणाले.

खोलीत थर्माकोलच्या पेट्यांचा बारीक कडकड आवाज तेवढा येत होता.

"शनिवारी संध्याकाळी वॉचमन ऐंशी सोडून बाकीची सगळी बटणं बंद करतो. नियम आहे तसा," मामा जमिनीकडे बघत म्हणाले. "मागचे दोन रविवार मी येऊन पंखा लावून गेलो. काल नातीला ताप होता. नाही आलो."

उपप्रमुखांनी बाईंना नजरेने खुणावलं. दोघं बाईंच्या खोलीत गेले आणि उपप्रमुखांनी दार लावून घेतलं.

"मला वाटलं होतं, दुर्लक्ष झालं असेल," ते म्हणाले. "दुर्लक्ष असतं तर आपण सांभाळून घेतलं असतं. पण मॅडम, यांना सगळं माहीत होतं. पंखा आणला, जाळी झाडली, रविवारी आले. आणि वहीत काय लिहिलंय बघा."

त्यांनी नोंदवही उघडून टेबलावर ठेवली. शेऱ्याचा रकाना. 'ठीक.' खाली 'ठीक.' त्याच्या खाली 'ठीक.' पान उलटलं. पुन्हा तेच, एकाखाली एक, पान भरून.

"ही खोटी नोंद झाली. मला मामांबद्दल काय वाटतं ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या लग्नात पंगतीची सगळी व्यवस्था त्यांनी बघितली होती. पण हे मी कसं झाकू?"

"झाका असं मी म्हटलं का?"

"नाही. पण चार वाजता तुम्हाला एक नाव लिहायचंय."

ते गेल्यावर बाई वहीसमोर बसून राहिल्या. राग येत होता. येणारच. अकरा वर्षं त्यांनी त्या नळ्या पोटच्या पोरासारख्या जपल्या होत्या आणि या माणसाला, सगळं दिसत असताना, ऐकू येत असताना, चार शब्द लिहायला काय झालं होतं? एरवी लिहायचे की भरभरून. मामांच्या शेऱ्यांची तर सबंध संस्थेत ख्याती होती.

त्या एक एक पान मागे उलटत गेल्या. ठीक, ठीक, ठीक. एक महिना मागे. तरी ठीकच. दीड महिना. आणि मग एका पानावर अचानक रकाना गजबजून गेला. अक्षरं रेघेबाहेर जाणारी, शेवटचे शब्द जागा न पुरल्यामुळे उभे लिहिलेले.

मामांचं शिक्षण सातवीपर्यंत. यंत्रांची नावं त्यांनी कानाने उचलली आणि कानाला पटतील तशी कागदावर उतरवली. व्हॅक्यूम पंपाचा त्यांच्या वहीत 'व्याकुळ पंप' झाला होता. सेंट्रिफ्यूज म्हणजे 'संत्रीफ्यूज', भांडी वाफेने निर्जंतुक करणारं ऑटोक्लेव्ह म्हणजे 'आटोकळवा'. पिपेटचा तर त्यांनी सरळ पोपट केला होता, आणि 'तीन पोपट फुटले, नवे मागवावेत' ही चिठ्ठी वाचून भांडारातला कारकून दोन मजले चढून आला होता, इथे पक्षी ठेवायची परवानगी कुणी दिली म्हणून.

कहर झाला तो 'नूतन'चा. द्रावण न्यूट्रल केलं, एवढंच मामांना लिहायचं होतं. त्यांनी लिहिलं 'द्रावण नूतन केले'. त्या सोमवारच्या चर्चेत पाच शिकलेली माणसं तासभर डोकं फोडत बसली होती, की द्रावण नवं केल्याबरोबर आकडे असे का बदलले. उपप्रमुखांनी फळ्यावर दोन उपपत्ती मांडल्या. चिमणीने तिसरी मांडली. बाईंनी तर सबंध प्रयोग पहिल्यापासून करायचा घाट घातला होता. तेवढ्यात कपबशा उचलायला आलेले मामा म्हणाले, "नवं कुठलं? तेच आहे जुनं. आंबटही नाही, तुरटही नाही, असं मधलं करून ठेवलं." पाच जण हसून हसून टेबलावर पडले. मामाही हसले.

तेव्हापासून प्रथाच पडली. सोमवारची चर्चा सुरू करायच्या आधी बाई नोंदवही उघडायच्या आणि आठवड्याचा शब्द वाचायच्या. वाचायच्याही अशा झोकात, की कंटाळलेला पाहुणासुद्धा खुर्चीत सरसावून बसावा. सगळ्यांचा आठवडा त्या हशाने सुरू व्हायचा. त्यात कुणाचं काही वाकडं नव्हतं, असं बाई शपथेवर सांगू शकल्या असत्या. मामांवर सगळ्यांचा जीवच होता.

आता त्या तेच शेरे पुन्हा वाचत होत्या.

'व्याकुळ पंप सकाळपासून कण्हतो. तेल बघावे.'

'संत्रीफ्यूज डावीकडे झुकून फिरतो. पायाखाली पुठ्ठा दिला आहे. कायमचे करावे.'

'आटोकळव्याची शिटी उशिरा झाली. झाकणाचे रबर थकले. उघडताना तोंड बाजूला ठेवावे.'

बाई तिसऱ्या शेऱ्यावर थांबल्या. तो त्यांनीच वाचला होता, सोमवारी, मोठ्याने. 'आटोकळव्याची' म्हटल्याबरोबर हशा पिकला होता आणि त्या पुढचं वाचायच्या थांबल्या होत्या. पुढचं त्यांनी आज पहिल्यांदा वाचलं. त्याच आठवड्यात झाकणाचं रबर बदललेलं होतं, शेजारी मामांची सही होती. म्हणजे कुणीतरी मागणी केली, कुणीतरी रबर आणलं, कुणीतरी बसवलं. ते कोण, हे बाईंना ठाऊक नव्हतं. पंपात तेल कुणी घातलं तेही ठाऊक नव्हतं. सव्वीस वर्षांत या प्रयोगशाळेत एकही यंत्र न सांगता बंद पडलं नव्हतं आणि त्यांना वाटत आलं होतं, की आपली यंत्रंच चांगली आहेत.

रकाना कोरडा झाला त्या दिवसाची तारीख त्यांनी पाहिली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. पाहायची तशी गरज नव्हती.

त्याच्या आदल्या दिवशी संस्थेची वार्षिक परिषद झाली होती. मोठं सभागृह, बाहेरून आलेले तीनशे लोक, जेवणानंतरची सुस्त वेळ. बाईंना वीस मिनिटं बोलायचं होतं आणि त्यांनी विषय घेतला होता विज्ञानातल्या शब्दांचा. पडद्यावर वहीची पानं, मामांच्या अक्षरातली, पुरुषभर उंच. 'व्याकुळ पंप' आला तेव्हा संचालक इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. 'पोपट' आला तेव्हा मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. आणि शेवटी बाईंनी मामांना उभं केलं होतं. "हे आमचे कोशकार," त्या म्हणाल्या होत्या, मनापासून, अभिमानाने. तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत मागच्या रांगेत, नव्या शर्टात, मामा हात जोडून उभे राहिले होते आणि हसत होते. त्यानंतरच्या सोमवारी धावपळीत वही उघडायची राहून गेली, ती राहूनच गेली होती.

बाईंनी वही मिटली.

फोन वाजला. संचालक होते.

"काय, झाला का अहवाल?"

"लिहितेय."

"नाव कुणाचं घालताय? तुमचे उपप्रमुख म्हणाले, नोंदी त्या मामाच्या आहेत. तो व्याकुळ पंपवालाच ना?" तिकडून एक छोटं, आवरलेलं हसू आलं. "वाईट वाटतं हो. पण नोंद खोटी ती खोटीच."

"सर, नाव मी चार वाजता देते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. मामांना सबंध संस्थेत ओळखण्याची ही एकच खूण उरली होती, आणि ती बाईंनीच दिलेली होती.

त्यांनी मामांना आत बोलावलं. बसा म्हटलं. मामा खुर्चीच्या कडेवर बसले.

"आवाज येत होता?"

"येत होता."

"कधीपासून?"

"बावीस दिवस झाले."

"मग मला सांगायचं होतंत, मामा. लिहायचं नव्हतं, ठीक आहे. तोंडाने सांगायचं."

मामा टेबलावरच्या काचेखालची कुठलीशी चिठ्ठी वाचत असल्यासारखं करत होते.

"आलो होतो एकदा," ते म्हणाले. "तुमच्याकडे पाहुणे बसले होते."

बाईंना तो दिवस आठवला. मामा दारात येऊन उभे राहिले होते आणि त्या पाहुण्यांना म्हणाल्या होत्या, बघा, हेच ते. मग हसून मामांना, "बोला मामा, आज कुठला नवीन शब्द?" पाहुणे हसले होते. मामा म्हणाले होते, काही नाही, चहाचं विचारायला आलो. आणि थोड्या वेळाने खरंच चहा घेऊन आले होते.

बाहेर चिमणी कुणाला तरी खोक्यांचे आकडे वाचून दाखवत होती.

"म्हटलं, आपणच बघू," मामा म्हणाले. "पंखा घरचा होता. सून विचारत होती, कुठे चालवलात म्हणून. चालला असता आणखी थोडे दिवस. पुढच्या महिन्यात वर्षाची तपासणी आहेच यंत्राची, तेव्हा आपोआप सापडलं असतं. कुणाला काही लिहायला नको, सांगायला नको."

बाईंनी छापील नमुना पुढे ओढला. घटनेचा रकाना उपप्रमुखांनी आधीच भरून ठेवला होता, सुवाच्य अक्षरात. कारणाच्या रकान्यात त्यांनी परिषदेची तारीख लिहिली. त्यापुढे लिहिलं, की या दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी नोंदवहीतले शेरे सर्वांसमोर थट्टेसाठी वापरले आणि त्यानंतर शेरे येणं बंद झालं. बंद झाल्याचं सात आठवडे प्रमुखांच्या ध्यानात आलं नाही. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि हुद्दा लिहिला. लिहून झाल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. चारशे बारा नळ्या बर्फात होत्या, त्यांचं काय व्हायचं ते होणारच होतं.

त्यांनी कागद मामांकडे फिरवला.

"वाचा. साक्षीदार म्हणून तुमची सही लागेल."

मामा सावकाश वाचायचे, ओळीखाली बोट धरून. बोट तिसऱ्या रकान्याशी आलं आणि तिथेच राहिलं.

"हे असं देऊ नका मॅडम."

"का?"

"वहीत मी लिहिलंय. सही माझी आहे."

"तुम्ही का लिहिलंत तसं, ते वर लिहिलंय."

"पण ते काही खरं नाही," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण आजवर त्यांनी बाईंचं म्हणणं असं कधी खोडून काढलं नव्हतं. "तुम्ही एकट्या कुठे हसलात? सगळेच हसले. मीसुद्धा हसलो होतो."

बाईंनी पेन पुढे केलं. मामांनी ते घेतलं, पुष्कळ वेळ कागदाकडे बघितलं आणि सांगितलेल्या जागी सही केली.

चारला पाच कमी असताना उपप्रमुख कागद घेऊन गेले. दारातच त्यांनी तो वाचला, मान वर करून बाईंकडे पाहिलं आणि ते जिना उतरले.

मामा अजून उभे होते.

"संध्याकाळची नोंद राहिलीय," ते म्हणाले. "यंत्र तर बंद आहे. काय लिहू?"

"जे दिसतंय ते लिहा, मामा. जसं येईल तसं लिहा. आता कुणी वाचून दाखवणार नाही."

मामांनी मान डोलावली. वही घेऊन ते ऐंशीसमोर गेले आणि नेहमीच्या जागी, जराशी मान तिरकी करून, उभे राहिले. बाई आपल्या खोलीच्या दाराशी आल्या. आपण बघतोय असं त्यांना वाटू नये म्हणून त्या वळल्या आणि खिडकीच्या गजांवर साचलेली धूळ बोटाने पुसत राहिल्या. मागे काही ऐकू येत नव्हतं. मामा विचार करत असावेत. बराच वेळ गेला. बाईंनी मनातल्या मनात वीस मोजले, मग पुन्हा वीस. केव्हातरी कागदावर पेन चालल्याचा आवाज आला, आणि वही मिटल्याचा. मग मामांच्या चपलांचा, जिन्याच्या दिशेने जाणारा.

त्यांनी जाऊन वही उघडली. तारीख होती. वेळ होती. तापमानाच्या रकान्यात रेघ होती. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'बंद.'